लाईन आली

आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. येते तीही लाईनच. वणीत कोणत्याही दुकानात शिरून "लाईन हाय का?" विचारलं तर माणूस आधी पंख्याकडे बघतो आणि मग उत्तर देतो. या शब्दात गोंधळ व्हायला काही जागाच नाही. गोंधळ झाला तो माझा एकट्याचा, आणि तो झाला त्या दिवशी मी नाल्याच्या मधोमध बसलेलो होतो.

कारण असं की मोबाइलवर परदेशी लोकांचे मासेमारीचे व्हिडिओ बघून बघून मी गरीच्या दोऱ्याला लाईन म्हणायला लागलो होतो. दादा त्यावर हसायचा. "दोऱ्याले दोरा म्हन ना बे. लाईन म्हनला की मले वाटते बिल भराचं राह्यलं."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. उभी हयात कोळशाचा ट्रक चालवला. वहिनी गेल्यावर तो आमच्या घरी राहायला आला आणि वर्षभरात त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात फिस्टुला केलेला, म्हणजे शिरेला शिर जोडून सुई टोचायला केलेली जागा. त्या हाताने जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, त्यावर झोपायचंही नाही. आणि पाणी दिवसाला सातशे मिली, चहा, वरण, ताक सगळं धरून. हे मोजायचं काम घरात माझ्याकडे आलं, कारण मी मोजण्यात चुकत नाही अशी माझी ख्याती आहे. औषधाच्या दुकानातून खुणा असलेलं मापाचं भांडं आणलं. सकाळच्या चहाचे ऐंशी, गोळ्यांसोबत पन्नास, असं करत रात्रीपर्यंत पुरवायचं. डायलिसिसला गेलं की आधी वजन करतात. दोन वेळांच्या मधे जेवढं वजन वाढलं तेवढं अंगात साचलेलं पाणी. एक लिटरचा एक किलो. यात मत नावाची गोष्ट चालत नाही, म्हणून मला ते बरं वाटायचं.

कयाक आली ती पोरीमुळे. एका धरणावरचा बोट क्लब बंद पडला होता आणि तिथल्या दोघांनी बसायच्या प्लास्टिकच्या पिवळ्या कयाक, म्हणजे अरुंद होड्या, विकायला निघाल्या होत्या. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, मोठे बाबा दिवसभर भिंतीकडे पाहत बसतात. तुम्ही दोघं नाल्यावर जात जा ना." दादाला लहानपणापासून गरीचा नाद. पण आता काठाच्या चिखलात उतरताना त्याचे पाय ठरत नव्हते. कयाकमध्ये खुर्चीसारखं बसता येतं. मी आधी तिची वजन पेलायची क्षमता विचारली. दोनशे किलो. आम्ही दोघं मिळून दीडशेच्या आत. मग हो म्हटलं.

आमच्या लेआउटमधून, म्हणजे वस्तीतून, ती डोक्यावर घेऊन गेलो तेव्हा पहिल्या दिवशी अर्धी गल्ली बाहेर आली होती. "काकाजी, टाकी आनली का नवी?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "टाकी नाही बे, डोंगा हाय. काकाजी आता चंद्रपूरले डोंग्यानंच जाते." बायकोने तिचं नाव ठेवलं 'ते पिवळं'. "ते पिवळं अंगणातून काढा, मले वाळवण घालाचं हाय." बस.

आमच्या लेआउटमागचा नाला पूर्वी होळीपर्यंत कोरडा पडायचा. आता बारा महिने वाहतो. वर एक बंद पडलेली जुनी कोळशाची खाण आहे, तिच्यात साचलेलं पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडतात. रपट्याजवळ, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाजवळ, लहान बंधारा आहे, त्यामुळे तिथे चांगला डोह झालाय. रुंदी सुमारे ऐंशी फूट. दोऱ्याला दगड बांधून मी खोली मोजली, मधे दहा फूट भरली, त्यातला शेवटचा दीड फूट गाळ असावा. वरच्या वळणावर एक बाभूळ आडवी पडलेली, आणि तिच्या आधाराने जलपर्णीचा गालिचा अडकून बसलेला. आमच्याकडे तिला इकॉर्निया म्हणतात. जांभळी फुलं येतात, दिसायला चांगली असते.

त्या डोहात मरळ होती. मरळ हा मासा हवा घ्यायला वर येतो. शांत बसलात तर पाण्यावर 'गुडुप' असा आवाज ऐकू येतो. तो आवाज आला की दादाचा चेहरा बदलायचा. तो माझ्या मागे बसलेला, त्यामुळे मला दिसायचा नाही, पण त्याचा आवाज खाली यायचा, त्यावरून कळायचं. कयाकमध्ये जड माणूस मागे बसतो, आणि अंगात पाणी साचल्यामुळे जड तोच होता. मी पुढे बसून वल्हवायचो. मागे वळायची सोय नाही. वळलं की कयाक कलते, आणि दादाला पोहता येत असलं तरी त्या हाताने ते जमलं नसतं.

ऑक्टोबरची सकाळ होती. त्या दिवशी बारा वाजता त्याचा डायलिसिसचा नंबर होता आणि तो चुकवून चालणार नव्हतं, कारण आधीच्या वेळी मधेच लाईन गेली, जनरेटर लागून बंद पडला आणि चार तासांचं काम दोन तासांत आटोपावं लागलं. उरलेलं पाणी अंगातच होतं. पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडून राहत होता. सिस्टर म्हणाल्या होत्या, "काका, पुढच्या वेळी पाच मिनिटंही उशीर नको. पेशंट जास्त, मशिनी कमी." मी दादाला म्हटलं, आज नाल्यावर नको. तर तो म्हणाला, "मग बारापर्यंत काय करू? त्या मशिनीचा विचार करू?" मग मी हिशोब केला. आठला पाण्यावर, साडेनऊला काठावर, आंघोळ, जेवण, अकरा चाळीसला डायलिसिस केंद्रात. त्याच्यासाठी लहान बाटलीत दीडशे मिली मोजून घेतलं. माझी लिटरची बाटली नेहमीप्रमाणे माझ्या सीटच्या मागच्या जाळीत अडकवली.

लाईन पहाटेपासून गेलेली होती. त्यामुळे खाणीचा पंप बंद, पाणी अगदी स्थिर. काठावरच्या पिठाच्या चक्कीचा मालक दुकानाच्या पायरीवर रिकामा बसला होता. त्याने हात केला. "जय भीम, काकाजी! आज मरळ आनल्याशिवाय येऊ नका."

"तुह्या चक्कीत दळून देशीन का?" दादाने मागून विचारलं.

"लाईन आली तं काहीबी दळून देतो."

आम्ही डोहाच्या मधे जाऊन थांबलो. तासभर काही लागलं नाही, पण छान वाटत होतं. दादा एका जुन्या ड्रायव्हरची गोष्ट सांगत होता, जो घाटात ब्रेक गेल्यावर क्लीनरला म्हणाला, तू उतर, मी येतोच. तेवढ्यात काठावरून चक्कीवाला ओरडला, "काकाजी, लाईन आली! लाईन आली!"

मी माझ्या दोऱ्याकडे पाहिलं. खरंच तो थोडा ताणल्यासारखा वाटला. मी गुंडाळायला लागलो. तो अजून ओरडतोय, हातवारे करतोय, आणि मला वाटतंय त्याला काठावरून मासा दिसतोय. मी गुंडाळण्याचा वेग वाढवला. गळाला काडी लागली होती.

"लहान्या," दादा म्हणाला, "त्याची चक्की सुरू झाली. ऐक."

खरंच ठकठक ऐकू येत होती. वीज आली होती, एवढंच. त्यात एवढं ओरडण्यासारखं काय, हे मला मागून पाण्याने कळवलं. लाईन बराच वेळ जाऊन आली की पंप जोरात सुटतो आणि पाण्याचा पहिला लोंढा येतो. चक्कीवाला ते रोज दुकानातून बघतो. मी नेहमी पंप चालू असताना गेलेलो, म्हणून मला माहीत नव्हतं. वळणावरचं पाणी चढलं, बाभळीच्या आधाराने बसलेला गालिचा सुटला आणि अंगणाएवढे मोठे तुकडे होऊन खाली सरकत आला. घाईने नाही. जत्रेतून घरी निघालेल्या माणसांसारखा, सावकाश. मी वल्हं मारलं, पण काठ चाळीस फुटांवर आणि इकॉर्निया दहा फुटांवर होता. थोड्याच वेळात आमच्या चारही बाजूंना हिरवी पानं आणि जांभळी फुलं होती. पाणी दिसेनासं झालं.

ज्याने इकॉर्निया नुसता लांबून पाहिला त्याला तो पालेभाजीसारखा वाटेल. त्याच्या मुळ्या खाली हातभर लोंबतात आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. वल्हं घातलं की अडकतं, उपसलं तर चार-पाच किलोचा झुपका सोबत येतो. मी झुपके उपसून बाजूला टाकले, ते परत जागेवर येऊन बसले. पुढे रेटलं तर कयाकचं नाक त्यावर चढलं. उडी मारून पोहत जावं तर त्या मुळ्यांत पाय अडकून माणूस बुडतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कोणी उतरायलाही तयार नव्हतं आणि मी कोणाला उतर म्हणालोही नाही.

रपट्यावर माणसं जमली. बकऱ्या घेऊन निघालेली एक बाई थांबली. "काऊन जी, पान्यात भाजी लावली का?"

"हाव बाई," दादा ओरडला, "तोडाले माणसं पाहिजे. येते का?"

ती हसली आणि गेली नाही. बकऱ्या मात्र गेल्या.

मी बायकोला फोन केला. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "भाऊजींचे कपडे अन् फाईल घेऊन मी रपट्यावर ऑटो आनते. तुम्ही फक्त बाहेर निघा." त्यानंतर मी केंद्रात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "काका, बारापर्यंत थांबते. त्यानंतर दुसऱ्याला लावावंच लागते. तिथं अडकले म्हंजे कुठं अडकले?" मी म्हटलं, नाल्यात. त्या म्हणाल्या, "नाल्यात?" आणि मग कोणीतरी त्यांना हाक मारली.

ऊन वर आलं. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे उन्हाळ्याला लाजवतं. दादाने त्याचं दीडशे मिली घोट घोट करून संपवलं. मला ते बाटलीच्या आवाजावरून कळलं.

"लहान्या, थोडं दे ना तुह्यातलं."

"नाही दादा."

"दोन घोट."

"अंगात आधीचंच पाणी हाय. बारा वाजता नंबर लागला नाही तं?"

त्याने रिकाम्या बाटलीचं झाकण लावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "चहूकडे पानी अन् तोंडात खडखडाट. लोकायले सांगतलं तं हसतीन."

मीही पाणी प्यायलो नाही. त्याच्यासमोर पिणं बरं दिसलं नसतं. समोर म्हणजे त्याच्याकडे पाठ करून, पण त्याला ऐकू आलंच असतं. काठावर चक्कीवाल्याने कोळशाच्या एका ट्रकवाल्याला थांबवून ताडपत्रीचा दोर मागून आणला. दोराच्या टोकाला दगड बांधून फेकला, तो निम्म्यात पडला. दगड मोठा केला तर आणखी अलीकडे पडला. रपट्यावर सूचना देणारे वाढत होते. कोणी म्हणे जेसीबी बोलवा, कोणी म्हणे पंप बंद करायला सांगा. खाणीचा फोन नंबर कोणाकडेच नव्हता. मी घड्याळ बघायचो आणि मग ठरवायचो की आता बघायचं नाही.

मधेच माझ्या पाठीमागे पाण्यात आवाज झाला. गुडुप. मग परत, जरा लांबलेला. गुडगुडगुड.

"दादा, मरळ का?" मी कुजबुजलो. इकॉर्नियाच्या फटीतून हवा घ्यायला आली असेल असं वाटलं.

"हाव," तो म्हणाला. आवाज अगदी खाली. "मोठी हाय. हलू नको. मागं पाहू नको, पळंल."

मी हललो नाही. तेवढ्यातही मला बरं वाटलं, की आज त्याला मरळ तरी दिसली.

शेवटी चक्कीवाल्याने दगड काढून पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा अर्धा पाणी भरून बांधला. तो गरगर फिरवून फेकला आणि डबा माझ्या वल्ह्याच्या टप्प्यात पडला. मी तो ओढून कयाकच्या कडीला दोर बांधला. चार जणांनी काठावरून ओढलं. कयाक मुळ्या तोडत, थांबत, परत तोडत निघाली. काठाला लागलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ऑटो तयार होता. कयाक तिथेच टाकली, दादाला दोघांनी धरून बसवलं. चिखलाच्या पायांनीच निघालो.

केंद्रात त्याच्या मशिनीवर मारेगावकडची एक मावशी झोपली होती. नळ्या लागल्या होत्या, रक्त फिरत होतं. ती पहाटेच्या गाडीने येऊन जागा मिळते का याची वाट बघत बसली होती. सिस्टर आमच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "काका, मी काय करू सांगा. आता काढू का तिला?"

दादाच म्हणाला, "राहू द्या. मावशी लांबून आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर देऊ म्हणाल्या. तोवर पाणी जवळजवळ नाहीच, आणि धाप वाढली तर थेट यवतमाळला न्या. घरी आल्यावर त्याला आडवं होता येईना. आडवा झाला की श्वास कोंडायचा. तो खुर्चीत बसून राहिला, मी समोर पलंगावर. मोजण्यासारखं काहीच नव्हतं, तर मी त्याचे श्वास मोजत राहिलो. त्याचा उपयोग काही नव्हता.

सकाळी वजन केलं. मी घरून निघताना मनात आकडा धरला होता. काट्याने त्यापेक्षा एक किलो जास्त दाखवलं. थोडं इकडे तिकडे नाही, सरळ एक किलो.

"काका, पाणी पाजलं तुम्ही," सिस्टर म्हणाल्या.

"मी मोजून देतो, सिस्टर. मापानं. तुमचा काटा पाहा."

"काटा बरोबर हाय."

मी चप्पल काढून स्वतः काट्यावर उभा राहिलो. माझं वजन माझं होतं तेवढंच निघालं. मी उतरलो, सरकवून पाहिला, परत चढलो. बाजूच्या खाटेवरचा माणूस हसला. दादा पंख्याकडे बघत होता.

एवढं पाणी एकदम काढलं की रक्तदाब पडतो. तिसऱ्या तासाला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो ओरडणारा माणूस नाही, पण त्याने खाटेची कड पकडली. मी त्याचे तळपाय दाबून धरले. सिस्टर म्हणाल्या, दाबून काही होत नाही, पण दाबा. मी दाबत राहिलो.

त्याला घरी झोपवून मी दुपारी कयाक आणायला गेलो. इकॉर्निया बंधाऱ्यापाशी जमून बसला होता आणि डोह परत मोकळा, निळा. चक्कीवाला आला. "भाऊ कसे हायेत?" मी म्हटलं, झालं आज, बरा आहे. तो म्हणाला, "मी तं तुमाले ओरडून ओरडून सांगतलं ना जी, लाईन आली म्हणून. तुम्ही गरी काऊन गुंडाळून राह्यले होते?" मी म्हटलं, माझी लाईन वेगळी होती. त्याला ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही.

माझ्या सीटमागच्या जाळीत बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. मी ती काढून चिखल पुसला आणि प्यायला उघडणार तोच उन्हात आतलं पाणी दिसलं. हिरवट होतं. तळाशी गाळाचा बोटभर थर आणि त्यात इकॉर्नियाच्या मुळीचा केसासारखा एक तुकडा.

मी मागच्या सीटवर बसून पाहिलं, जाळीपर्यंत हात सहज पोचत होता. मग ओतली. ओतताना कालच्यासारखाच आवाज आला. गुडगुडगुड.

घरी आलो तर दादा जागा होता. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, डोळे आत गेले होते.

"डोंगा आनला?"

"हाव."

"अन् बाटली?"

"आनली."

तो भिंतीकडे पाहत राहिला. मी शेजारी बसलो. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "दादा, कालची मरळ केवढी होती?"

"असंल एक लिटरची," तो म्हणाला.

मग तो हसला, आणि हसताना त्याला ठसका लागला, आणि मलाही हसू आलं. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झालं, काय झालं. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "लहान्या, दुपारचं राह्यलं ना माह्यं?"

राहिलं होतं. मी मापाचं भांडं काढलं, खूण डोळ्यांच्या रेषेत धरली आणि शंभर मिली ओतलं. खुणेवर थांबलो. थांबलो, पण हात आणखी थोडा कलला, मग सरळ झाला. त्याने ते दोन घोटांत संपवलं आणि रिकामा पेला माझ्याकडे धरून राहिला.

मी तो घेतला आणि विसळायला नेला.